जुना लॅपटॉप, आज्जीच्या कॅसेटी आणि घरचा सर्व्हर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत एक तरी आई किंवा बाप असा असतो, ज्याला संगणकात डोकं घालायला मनापासून आवडतं, पण "याचा घराला उपयोग काय?" असं कुणी विचारलं की तो गप्प होतो. हा लेख त्यांच्यासाठी. शेवटी हाती काय येईल ते आधीच सांगते. एक जुना लॅपटॉप चोवीस तास चालू राहील आणि घरातल्या प्रत्येक फोनमधले फोटो त्यात आपसूक जमा होतील. आज्जीच्या ओव्या पुण्यातल्या नातवाला त्याच्या मोबाईलवर ऐकता येतील. जमिनीचा उतारा लागला तर ट्रंक न उपसता नावानं शोधला की सापडेल. यासाठी दरमहा कुठल्या कंपनीला पैसे भरायचे नाहीत. लॅपटॉप घरात पडून असेल तर खर्च मुख्यतः हार्ड डिस्कचा.

असल्या कामाचे व्हिडिओ ढिगानं मिळतात आणि जवळजवळ सगळे यंत्राच्या खरेदीपासून सुरू होतात. हौशी माणूस महिनाभर काळ्या पडद्यावर अक्षरं बडवत बसतो, सर्व्हर, म्हणजे सतत चालू राहून घरातल्या फोनांना फाइली पुरवणारा संगणक, उभा राहतो आणि त्यात ठेवायला निघतात ते चार सिनेमे. घरच्यांचा त्याच्याशी संबंधच येत नाही. म्हणून मी क्रम उलटा लावलाय. घरात सगळ्यात आधी काय नष्ट होणार आहे ते बघायचं आणि पुढचं सगळं त्यावरून ठरवायचं.

पहिली पायरी: वही घेऊन घर फिरा

एक रविवार यासाठी काढा आणि मुलांना बरोबर घ्या. माळा, ट्रंका, शोकेसचा खालचा कप्पा, देवघराच्या मागची फडताळं, सगळीकडं हात घाला. वहीत तीन रकाने पुरतात: काय आहे, किती आहे, आणि त्यातली माणसं कोण ओळखतं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. लग्नाच्या एखाद्या काळ्यापांढऱ्या फोटोत वीस चेहरे असतात आणि त्यातले बारा फक्त आज्जीला माहीत असतात. आज्जीचं वय ८२ असेल तर तो फोटो रांगेत पहिला, मग त्याचा कागद कितीही ठणठणीत असो.

माणसांच्या खालोखाल चुंबकीय फितीचा नंबर. ऑडिओ कॅसेट आणि व्हीएचएस (व्हिडिओची कॅसेट) दोन्ही आपल्याकडच्या हवेत लवकर खराब होतात. बेळगाव शहरात पावसाळा दमट असतो, आणि जांबोटी-कणकुंबीकडं तर चार महिने भिंती ओल धरून असतात. फितीवर पांढरी बुरशी चढते. शिवाय कॅसेट वाजवणारं यंत्रच मिळेनासं झालंय. घरात चालू टेपरेकॉर्डर असेल तर आज त्याची किंमत आतल्या कॅसेटींइतकीच आहे, भंगारवाल्याला देऊ नका. त्यानंतर घरी जाळलेल्या सीडी-डीव्हीडी, मग छापील फोटो आणि सगळ्यात शेवटी फोन. बहुतेक लोक नेमकं फोनपासून सुरू करतात, कारण ते सोपं असतं.

दुसरी पायरी: यंत्र निवडा, पण विजेचं बिल बघून

पर्याय तीन: रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, तयार मिळणारी नेटवर्क साठवणपेटी, किंवा जुना लॅपटॉप. माझं मत सरळ लॅपटॉपच्या बाजूनं आहे. वीज गेली तरी तो बंद पडत नाही, कारण त्याच्या पोटात बॅटरी असते. आपल्याकडं वळवाचा पाऊस सुरू झाला की हेस्कॉमची लाइन कधी जाईल सांगता येत नाही. मधेच वीज गेल्यानं डेटाबेस, म्हणजे प्रोग्रॅमची आतली नोंदवही, बिघडणं हे घरच्या सर्व्हरचं नेहमीचं दुखणं आहे. लॅपटॉप ते दुखणं फुकटात टाळतो.

लॅपटॉप साधारण दहा वर्षांच्या आतला असावा, मेमरी ८ जीबी असावी आणि मूळ डिस्क काढून त्या जागी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली जलद डिस्क) बसवलेली असावी. पडदा फुटलेला असला तरी चालतो. कीबोर्डची निम्मी बटणं चालत नसली तरी चालतं. बॅटरी मात्र फुगलेली नको. तळ टेबलावर सपाट बसत नसेल किंवा टचपॅड वर उचललं गेलं असेल तर बॅटरी फुगली आहे असं समजा, ती दुकानातून काढून घ्या आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालवा. काही लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्येच असते. ती चालू करा, बॅटरी बरीच जास्त टिकते.

आता बिल. "रात्रभर काय चालू ठेवालीस गं ते, बिल कोण भरणार?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि त्याला आकड्यानं उत्तर द्यावं. झाकण बंद करून निवांत चालणारा लॅपटॉप साधारण १५ वॅट खातो. १५ वॅट गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस म्हणजे १०.८ युनिटं. जुना डेस्कटॉप ६० वॅट खात असेल तर तेच ४३ युनिटांवर जातं. कर्नाटकात हा हिशेब जरा जास्तच लागतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत तुमच्या मागच्या वापराच्या सरासरीवर मोफत युनिटं ठरतात आणि महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. १९० वर असलेल्या घरात डेस्कटॉप चालू ठेवणं म्हणजे हातानं योजनेबाहेर पडणं. मागच्या वर्षभराची बिलं काढून बघा, उन्हाळ्याचे महिने विशेष.

जागा निवडताना स्वयंपाकघर टाळा, फोडणीचा तेलकट धूर पंख्यात बसतो. देवघराचा कोनाडाही नको, समई आणि उदबत्ती दोन्ही तिथंच असतात. पश्चिमेची पावसाची भिंत नको. दिवाणखान्यात राऊटरजवळ, जमिनीपासून चार फूट वर, हवा खेळती राहील अशी फळी उत्तम. राऊटर आणि लॅपटॉप वायरनं जोडा, वायफायवर ठेवू नका. राऊटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो लावला की वीज गेल्यावर घरातलं नेटवर्क सुरू राहतं.

तिसरी पायरी: आतली व्यवस्था

ही पायरी ऐकायला अवघड वाटते आणि प्रत्यक्षात एका संध्याकाळची असते. विंडोज पुसून डेबियन किंवा उबुंटू टाका. विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या व्यवस्थेचे हे दोन प्रकार, दोन्ही मोफत. पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवायचा, त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा आणि विचारेल त्याची उत्तरं द्यायची. त्याआधी जुन्या डिस्कवर कुणाची कागदपत्रं राहिली नाहीत ना, हे नवऱ्याला, दिराला, सगळ्यांना दोनदा विचारा.

नंतर तीन गोष्टी. झाकण बंद केल्यावर झोपू नको, असं लॅपटॉपला सांगायचं. राऊटरमध्ये त्याचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) कायमचा बांधून टाकायचा, म्हणजे उद्या तो बदलणार नाही. आणि डॉकर (प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या डब्यात चालवणारं साधन) टाकायचं, कारण पुढचे सगळे प्रोग्रॅम त्यावर दोन-चार ओळींत उभे राहतात. यापलीकडं आत्ताच शिकू नका. जो भाग लागेल तो लागेल तेव्हा.

चौथी पायरी: फोटो

फोटोंसाठी इमिच नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. फोनवर त्याचं ॲप टाकलं की घरच्या वायफायवर आल्यावर नवे फोटो सर्व्हरवर जातात, चेहरे ओळखले जातात, नकाशावर जागा दिसतात, आणि हे चेहरे ओळखण्याचं काम तुमच्याच लॅपटॉपमध्ये होतं, फोटो बाहेर कुठं जात नाहीत. पहिल्यांदा हजारो फोटो चढवताना ॲप उघडं ठेवा आणि फोन चार्जिंगला लावून ठेवा. अँड्रॉइडची बॅटरी वाचवण्याची सोय मागं चाललेलं काम मधेच मारते. त्या ॲपला त्यातून वगळा, नाहीतर सासूबाईंच्या फोनमधले फोटो महिनाभर अर्ध्यावर अडकलेले दिसतील.

एका फोटोला ४ एमबी धरले तर २०,००० फोटो म्हणजे ८० जीबी. हे घाबरण्यासारखं काही नाही, १ टीबीची डिस्क फोटोंना पुष्कळ पुरते. जागा खातात ते व्हिडिओ.

नातेवाइकांकडून फोटो मागवताना एक गोष्ट त्यांना समजावून सांगावीच लागते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो आणि कधी, कुठं काढला ही त्यातली माहिती निघून जाते. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. कोल्हापूरच्या आत्याला, गोव्यातल्या मामाला हे एकदा करून दाखवा, नुसतं सांगून होत नाही.

छापील फोटो स्कॅन करताना पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवा. स्कॅनर नसेल तर फोनवरही चांगलं होतं, फक्त खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात करा. डोक्यावरचा दिवा बंद करा, चकचकीत कागदावर त्याचा ठिपका येतो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. आणि फोटोची पाठसुद्धा स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेलं नाव, कधी बारशाची तिथी, हे सगळं पाठीवर असतं.

तारखा ही मोठी डोकेदुखी. स्कॅन केलेल्या प्रत्येक फोटोवर आजची तारीख बसते, आणि १९७४ चं लग्न या आठवड्यातल्या फोटोंत जाऊन बसतं. इमिचमध्ये तारीख हातानं बदलता येते. नेमकी माहीत नसेल तर वर्ष तरी घाला. वर्ष काढायला सण उपयोगी पडतात. बेळगावची शिवजयंती वैशाखात होते, तेव्हा चित्ररथांच्या मिरवणुकीतला फोटो असेल तर महिना तिथंच मिळाला, आणि काकांच्या खांद्यावरची पोरगी कोण हे कळलं की वर्षही. घरात कुणाचं लग्न, कुणाचा जन्म, गाडी कधी घेतली अशी वर्षांची यादी एका कागदावर लिहून स्कॅनरजवळ चिकटवा. मुलांना हा तपास फार आवडतो, वयानं दहाच्या पुढची असली तर तुमच्यापेक्षा ती जलद करतात.

पाचवी पायरी: कॅसेटी, आणि इथं घाई नको

ही पायरी सगळ्यात वेळखाऊ आहे, कारण ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटंच लागतात. यात कुठलाही शॉर्टकट नाही. पण घरात सगळ्यांना एकत्र बसवणारी पायरीही हीच.

सामान थोडं लागतं: चालू टेपरेकॉर्डर, दोन्ही टोकांना हेडफोनच्या आकाराची पिन असलेली वायर, आणि लाइन-इन (टेपसारख्या यंत्राचा आवाज आत घेणारी खाच) असलेला यूएसबी साउंड अडॅप्टर. लॅपटॉपची स्वतःची जी एकच गोल खाच असते ती बहुधा हेडफोन आणि माइक दोन्हींची मिळून असते, आवाज आत घ्यायला तिथं फक्त माइकची सोय असते. तिथं टेप जोडली तर आवाज फाटतो आणि एकाच बाजूचा येतो. म्हणून अडॅप्टर घ्याच. संगणकावर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम टाका. हे काम सर्व्हरवर न करता रोजच्या लॅपटॉपवर करा.

कॅसेट हातात घेतली की आधी उजेडात धरून बघा. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती वाजवू नका. बुरशी टेपच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत घालून बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवा. चांगल्या कॅसेटीच्या वरच्या कडेला दोन छोटे चौकोनी पापुद्रे असतात, ते आधी तोडा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुना आवाज पुसला जात नाही. फीत सैल असेल तर षटकोनी पेन दात्यात घालून फिरवा, ही युक्ती चाळिशीच्या पुढच्या कुणालाही शिकवावी लागत नाही. नंतर एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं पळवा, चिकटलेली फीत सुटते. टेपचं हेड कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, दर दोन-तीन कॅसेटींनी.

आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्या जागी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी लावा. एक बाजू सुरू केली की संपेपर्यंत थांबवू नका. मध्ये रिकामी फीत आली तरी चालू द्या, कारण घरगुती कॅसेटींत रिकाम्या जागेनंतरच खरी गंमत असते. आमच्या भागातल्या कॅसेटी कशा भरलेल्या असत ते आठवा: सांगली किंवा धारवाड आकाशवाणीवरून घेतलेली गाणी, त्यामध्ये कुणीतरी "ए, बंद कर की" म्हणतंय, बाजूला कुकरची शिट्टी, आणि मग अचानक आज्ज्याचा आवाज. गाणी आज कुठंही मिळतील. तो आवाज मिळणार नाही. म्हणून गाण्याची कॅसेट म्हणून कुठलीही बाजूला टाकू नका, दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐका.

मूळ ध्वनिफीत वेव्ह प्रकारात जतन करा. साध्या सीडीच्या दर्जाची स्टीरिओ वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी होते, म्हणजे ९० मिनिटांची कॅसेट ९०० एमबी. फ्लॅक प्रकारात तीच निम्म्याच्या आसपास बसते आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. खरखर काढायची असेल तर ती प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका. खरखर काढण्याच्या नादात म्हाताऱ्या माणसाचा श्वासही पुसला जातो, आणि पाच वर्षांनी यापेक्षा चांगली साधनं येतील. ऐकण्यासाठी जेलीफिन नावाचा प्रोग्रॅम सर्व्हरवर टाका, टीव्हीवर आणि फोनवर दोन्हीकडं चालतो. फाइलला नाव देताना वर्ष आधी, मग माणूस, मग प्रसंग: "१९८८ आज्जी मोठी जात्यावरच्या ओव्या". "कॅसेट ७ ब" असं नाव दिलंत तर ती पुन्हा कुणी उघडणार नाही.

नव्यानं रेकॉर्ड करणं

जुनं उतरवताना नवंही घेत चला. त्यासाठी फोन पुरेसा आहे. फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, टॉवेल घडी करून त्यावर फोन ठेवा आणि बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. दुपारी तीनची वेळ चांगली, तेव्हा गल्ली शांत असते. वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढं ताणू नका.

"तुझ्या लहानपणाविषयी सांग" असं विचारलं तर "काय सांगू, कष्टच की" यापलीकडं काही येत नाही. वस्तू हातात द्या. शहापूरचं जुनं लुगडं, पितळी अडकित्ता, लग्नातली पत्रिका. वस्तूवरून गोष्ट निघते. आणि प्रश्न नातवंडांना विचारू द्या. आपल्याला जे माहीत आहे असं गृहीत धरून आज्जी आपल्याशी बोलताना गाळते, ते ती आठ वर्षांच्या पोराला सविस्तर सांगते. बोलण्यात मराठी, कानडी, मधेच कोकणी असं मिसळून येईल, ते दुरुस्त करू नका. आज्जीला आधी विचारा, आणि एखादा भाग नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसा.

सहावी पायरी: कागदपत्रं, आणि दोन लिप्यांचा प्रश्न

सीमाभागातल्या घराचं कागदी दप्तर हा स्वतंत्र विषय आहे. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळं आज्ज्याच्या काळची खरेदीखतं मराठीत, काही मोडीत, आणि त्यानंतरचे उतारे, आरटीसी (कर्नाटकातला सातबारा), कराच्या पावत्या कन्नडमध्ये. घरातल्या निम्म्या माणसांना कन्नड बोलता येतं पण झरझर वाचता येत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांना मात्र येतं. तेव्हा या पायरीत मुलगी गुरू आणि तुम्ही शिष्य.

स्कॅन ३०० डीपीआयला करा आणि पीडीएफ बनवा. पेपरलेस नावाचा प्रोग्रॅम असे कागद साठवतो आणि त्यातली अक्षरं वाचून शोधण्याजोगी करतो. अक्षरं वाचण्याचं काम त्याच्या आतला टेसरॅक्ट नावाचा प्रोग्रॅम करतो, त्याला मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा येतात, फक्त सेटिंगमध्ये दोन्ही द्याव्या लागतात. छापील मजकूर बराचसा वाचला जातो. हस्ताक्षर आणि मोडी वाचली जाणार नाही, त्यांना हातानं नाव द्या: गाव, सर्व्हे नंबर, वर्ष, कुणाच्या नावावर. आणखी एक अडचण जुन्या संगणकी फाइलींची. श्रीलिपी या जुन्या टायपिंग प्रोग्रॅमात केलेली मराठी पत्रं किंवा तशाच नुडीतली कन्नड पत्रं आज उघडली तर भलतीच अक्षरं दिसतात, कारण ती युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडं चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीत. ती फेकू नका, रूपांतर करणारी साधनं मिळतात.

आधार, बँकेची कागदपत्रं, खरेदीखतं यांचा कप्पा फोटोंपासून वेगळा, वेगळ्या पासवर्डचा आणि डिस्कवर कुलूपबंद (एन्क्रिप्ट करून) ठेवा. लहान भावाच्या मित्रानं टीव्हीवर सिनेमा लावताना चुकून खरेदीखत उघडू नये, एवढी तरी काळजी हवी.

टायपिंगचं थोडक्यात. मुलांना फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असते, ती असू द्या. पण संगणकावर त्यांना इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा. त्यात भारतीय लिप्यांची मांडणी एकच आहे: ज्या बटणावर मराठीत क येतो त्याच बटणावर कन्नडमध्येही क येतो, मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा हातात. बेळगावात राहून याहून फायद्याचा सौदा नाही.

सातवी पायरी: दुसरी प्रत, तिसरी प्रत

इथपर्यंत आलात आणि थांबलात तर तुम्ही घरातला सगळा ठेवा एका डिस्कवर आणून ठेवला आहे, म्हणजे धोका वाढवला आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुळवलेला ३-२-१ चा नियम साधा आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर.

दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती दर रात्री आपोआप होईल अशी लावा. फोनचा फोटो सर्व्हरवर जातो म्हणजे झाली की दुसरी प्रत, असं समजू नका. नुसतं जुळवून ठेवणाऱ्या व्यवस्थेत इकडं पुसलं की तिकडंही पुसलं जातं. मागच्या आवृत्त्या राखणारी व्यवस्था हवी. इमिचच्या बाबतीत फोटोंचा फोल्डर आणि डेटाबेस दोन्हींची प्रत घ्या. फोटो साध्या फाइली असतात, पण अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं डेटाबेसमध्ये असतात, आणि आज्जीजवळ बसून लावलेली नावं पुन्हा लावता येणार नाहीत.

तिसरी प्रत नातेवाइकाच्या घरी. गणपतीला आणि दिवाळीला जाणं-येणं होतंच, तेव्हा डिस्क बदलायची: जुनी आणायची, नवी ठेवायची. डिस्क कुलूपबंद करून द्या, म्हणजे ती हरवली तरी कुणाला उघडता येणार नाही. घर निवडताना नदी बघा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोकाक आणि चिकोडीच्या बाजूलाही पाणी शिरलं आणि कोल्हापूर-सांगलीतही. त्याच पुराच्या पट्ट्यातलं घर निवडायचं असेल तर डिस्क वरच्या मजल्यावर ठेवायला सांगा. बेंगळूरुची बहीण त्या दृष्टीनं बरी.

प्रत आहे याची खात्री ती उघडूनच होते. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, कुठलेही चार फोटो आणि एक कॅसेट बॅकअपच्या डिस्कवरून उघडून बघा. त्याच दिवशी पंख्यातली लाल धूळ काढा आणि डिस्कच्या डब्यातली सिलिका जेलची पुडी बदला. वळवाचा कडकडाट सुरू झाला की लॅपटॉपचा प्लग भिंतीतून काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण विजेच्या आणि नेटवर्कच्या तांब्याच्या वायरीतून येते.

आठवी पायरी: बाहेरून बघणं, आणि कुणाला काय दिसणार

पुण्यातल्या नातवाला ओव्या ऐकवायच्या तर सर्व्हर बाहेरून दिसायला हवा. यासाठी राऊटरमध्ये दारं (पोर्ट) उघडी करा, म्हणजे बाहेरून थेट आत येता येईल, असा सल्ला जागोजागी मिळेल. तो मानू नका. एक तर आपल्याकडची पुष्कळ फायबर कनेक्शनं घराला इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता देतच नाहीत, आणि दिला तरी उघड्या दारावर दिवसरात्र कुणी ना कुणी टकटक करत असतं. टेलस्केल नावाचा प्रोग्रॅम टाका. तुमच्या घरचे फोन आणि सर्व्हर यांचं एक खासगी जाळं तयार होतं, बाहेरच्याला ते दिसतच नाही. घरगुती वापराला मोफत आहे.

प्रत्येकाला स्वतंत्र खातं द्या. पुसण्याचा अधिकार दोघांनाच. आणि एक नियम सुरुवातीलाच करून ठेवा: आपला फोटो नको म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला, सातवीतल्या मुलीलाही. तिचा आंघोळीच्या टबातला फोटो आपल्याला गोड वाटतो, तिला वाटत नाही. अशा वेळी वाद घालू नका, फोटो सगळ्यांच्या अल्बममधून काढा.

राहता राहिला तो कागद. तुम्ही आठवडाभर आजारी पडलात किंवा गावाला गेलात तर हे सगळं चालवणार कोण? एका कागदावर साध्या मराठीत लिहा: यंत्र कुठं आहे, बंद कसं करायचं, चालू कसं करायचं, फोटो कुठल्या ॲपमध्ये दिसतात, बॅकअपची डिस्क कुणाकडं आहे, डिस्कचं कुलूप उघडणारा पासवर्ड काय. कागद छापून विम्याच्या पॉलिस्या ठेवता त्याच फाइलीत ठेवा. मग घरातल्या ज्याला संगणकाचं काडीचं प्रेम नाही अशा माणसाला तो वाचून यंत्र बंद-चालू करायला लावा, आणि तो जिथं अडेल तिथं कागद दुरुस्त करा.